चाकरमानी आणि महाग शहर : मुंबईच्या गिरणी कामगारांचे स्थलांतर, तुटपुंजे वेतन व गावाचा आधार (१८५४ ते १९८२)

प्रस्तावना

मुंबई शहराच्या औद्योगिक इतिहासाची मांडणी बहुधा भांडवल, कापूस, रेल्वे आणि गिरण्यांची संख्या यांच्या आधारे केली जाते. ज्या मनुष्यबळावर हा उद्योग उभा राहिला, ते मनुष्यबळ या शहरात राहिले कसे, खाल्ले काय आणि मिळणाऱ्या वेतनात त्याचा निभाव लागला कसा, हा प्रश्न त्या मानाने दुय्यम राहिला. १९२१ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या ११,७५,९१४ होती आणि तीपैकी दर पाच व्यक्तींमध्ये चारांहून अधिक व्यक्तींचा जन्म शहराबाहेर झालेला होता. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्यांची संख्या दोन लाखांहून अधिक, म्हणजे शहराच्या सुमारे एक पंचमांश होती. अर्थात मुंबई हे मूलतः स्थलांतरितांचे शहर होते.

हे शहर महाग होते आणि येथे येणाऱ्या बहुसंख्यांच्या हाती पडणारे वेतन तुटपुंजे होते. तरीही माणसे येत राहिली. या विसंगतीचे स्पष्टीकरण तत्कालीन गिरणीमालक आणि सरकारी अधिकारी एका ठराविक पद्धतीने देत असत. त्यांच्या मते कामगार हा मनाने शेतकरीच होता. त्याला गावाची ओढ होती, शिस्तीचे वावडे होते आणि म्हणूनच तो स्थिर औद्योगिक कामगार बनत नव्हता. प्रस्तुत लेखात या स्पष्टीकरणाची तपासणी केली आहे. गावाशी टिकून राहिलेला संबंध हे कामगाराच्या मागासलेपणाचे लक्षण नसून, कुटुंबाचा खर्च न पेलणाऱ्या वेतनाची ती अपरिहार्य पूर्वअट होती, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

स्थलांतराची पार्श्वभूमी

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली आणि ताडदेव येथील या गिरणीत १८५६ मध्ये उत्पादन सुरू झाले. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे कापसाच्या व्यापारात अमाप पैसा आला आणि युद्ध संपताच तो तितक्याच वेगाने ओसरला. तथापि गिरण्यांची वाढ पुढे चालूच राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची संख्या ऐंशीच्या घरात पोहोचली, तर १९२० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांतील कामगारांची संख्या दीड लाखाच्या आसपास होती.

हे कामगार मुख्यत्वे दोन प्रदेशांतून आले. एक कोकण, विशेषतः रत्नागिरी जिल्हा आणि दुसरा घाटावरचा सातारा, पुणे, अहमदनगर, सोलापूर हा पट्टा. कोकणातून येणारा मनुष्य प्रामुख्याने बोटीने मुंबईच्या धक्क्यावर उतरत असे. घाटावरून येणाऱ्यास रेल्वेची सोय झाली होती. कोकणातील डोंगराळ व तुकड्यातुकड्यांत विभागलेल्या जमिनीत वर्षभर पुरेल इतके भात पिकत नव्हते. त्यातच खोती पद्धतीमुळे कुळाच्या हाती उत्पन्नाचा अल्प भाग उरत असे. या पद्धतीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. परंतु खोती नाहीशी करणारा कायदा होण्यास १९४९ साल उजाडावे लागले.

भारतातील कामगारांच्या परिस्थितीची पाहणी करण्यासाठी १९२९ मध्ये नेमलेल्या शाही आयोगाने आपल्या १९३१ च्या अहवालात असा निष्कर्ष काढला, की कामगारास शहर ओढून आणत नाही, तर गाव ढकलून देते. हा निष्कर्ष बव्हंशी योग्य असला, तरी तो अपुरा आहे. कारण ज्या गावाने कामगारास ढकलले, त्याच गावाने त्याला शहरात तग धरण्यास साहाय्यही केले. ही दुसरी बाजू समजून घेण्यासाठी नव्याने आलेल्या कामगाराचे पहिले काही आठवडे पाहणे उद्बोधक ठरते.

पहिल्या पगारापर्यंतचा काळ

गिरणीत वेतन मासिक हिशेबाने मिळत असले, तरी ते महिना संपताच हाती पडत नसे. एका महिन्याचे वेतन पुढील महिन्याच्या मध्याच्या सुमारास देण्याची प्रथा होती. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने ही मुदत सात ते दहा दिवसांवर आणली. तोपर्यंत मात्र नव्या कामगारास पहिला पगार दिसेपर्यंत सुमारे दीड महिना काढावा लागत असे. गावाहून येताना कनवटीला बांधून आणलेल्या पैशांत इतका काळ निघणे अशक्य होते. म्हणजेच कमाई सुरू होण्यापूर्वीच त्याचे शहरातील आयुष्य उधारीने सुरू होत असे.

शिवाय काम लगेच मिळेलच, याची शाश्वती नव्हती. गिरणीतील भरती मुकादमाच्या, म्हणजेच जॉबरच्या हाती होती. दररोज पहाटे गिरणीच्या फाटकाशी बदली कामगारांचा जमाव उभा राही आणि गैरहजर कामगारांच्या जागी त्यांतील काहींना घेतले जाई. बाकीच्यांना रिकाम्या हाताने परतावे लागे. काम मिळवून देण्याच्या मोबदल्यात जॉबर दस्तुरी घेत असे. अनेकदा तोच कर्ज देई, जामीन राही किंवा खोलीची सोय करी. १९३५ मध्ये गिरणीमालकांनी बदली नियंत्रणाची योजना लागू करून ठराविक कामगारांना बदली कार्डे देण्यास आरंभ केला. यामुळे जॉबरच्या मनमानीस काहीसा आळा बसला. परंतु बदली कामगाराची अनिश्चितता संपली नाही.

अशा परिस्थितीत नवागताचे भांडवल एकच होते : ओळख. गावचा, भावकीचा किंवा जातीचा मनुष्य आधीच मुंबईत असणे, हीच स्थलांतराची खरी पूर्वतयारी होय. त्याच्या शब्दावर खानावळीत जेवण मिळे, वाण्याकडे खाते उघडे आणि जॉबरपर्यंत पोहोचता येई. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कामाची जागा आणि वस्ती या दोहोंना जोडणाऱ्या या संबंधांचे सविस्तर विश्लेषण केले आहे. त्यावरून असे दिसते, की गाव आणि जात यांचे संबंध शहरात केवळ परंपरेने टिकले नव्हते. शहरातील असुरक्षिततेनेच त्यांना नवे कार्य बहाल केले होते.

खोली आणि खानावळ

मुंबई सरकारने १९२१ मध्ये स्थापन केलेल्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तिच्यानुसार कामगार कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न सुमारे ५२ रुपये होते. त्यापैकी ५६.८ टक्के खर्च अन्नावर होई, तर घरभाड्यावर केवळ ७.७ टक्के. वरवर पाहता भाड्याचे हे प्रमाण अल्प वाटते आणि शहर महाग होते या विधानाशी ते विसंगत भासते. परंतु याच पाहणीत ९७ टक्के कुटुंबे एका खोलीत राहत असल्याचे आढळले. याचा अर्थ असा, की भाड्याचा भार कामगाराने पैशाऐवजी जागेच्या रूपाने सोसला होता. परवडणाऱ्या भाड्यात बसण्यासाठी त्याने आपला संसार दहा-बारा फुटांच्या खोलीत कोंबला आणि तरीही अनेक कुटुंबांना भाड्यासाठी त्याच खोलीत पोटभाडेकरू किंवा जेवणकरी ठेवावे लागले.

एकट्या पुरुषांची व्यवस्था याहून वेगळी होती. एका गावचे दहा-पंधरा किंवा त्याहूनही अधिक पुरुष मिळून एक खोली घेत. पाळ्या वेगवेगळ्या असल्यास एक कामावर गेला, की त्याच्या जागी दुसरा अंग टाकी. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी एवढाच संसार असे. उन्हाळ्यात व्हरांडा, जिना आणि रस्त्याची कडा हीच झोपण्याची जागा ठरे. कोकणातील अनेक गावांच्या मंडळांनी अशा खोल्या दीर्घकाळ चालविल्या. धोबीतलाव, माझगाव या भागांत गोव्याहून येणाऱ्या खलाशांसाठी व नोकरदारांसाठी गावोगावच्या लोकांनी स्थापन केलेले ‘कूड’ हेही याच गरजेचे अपत्य होय. ओळखीच्या मनुष्यास अत्यल्प खर्चात पथारी मिळवून देणारी ही संस्था महाग शहरातील एक प्रकारचा सामूहिक विमाच होती.

अन्नाची सोय खानावळीने केली. खानावळ चालविणारी स्त्री बहुधा कामगाराच्याच गावची किंवा जातीची, पुष्कळदा विधवा किंवा ज्या घरात पुरुषाची कमाई अपुरी होती अशा घरातील असे. महिन्याच्या बोलीवर ती दोन वेळचे जेवण देई आणि पैसे पगाराच्या दिवशी घेई. संपाच्या काळात ही उधारी लांबत जाई आणि तिचा भार त्या स्त्रीवरच पडे. मात्र तिला वाण्याचे देणे चुकविणे भागच असे. ज्या श्रमांवर गिरणगावाचे पोट चालले, ते श्रम गिरणीच्या हिशेबवहीत कोठेही नोंदले गेले नाहीत. या खानावळवाल्या स्त्रियांना सावकारी पाशातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्याच्या हेतूने प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली, ही घटना या दृष्टीने महत्त्वाची आहे.

कर्जाचा हिशेब

वरील पाहणीत ४७ टक्के कुटुंबे कर्जबाजारी असल्याचे दिसून आले आणि या कर्जाची रक्कम सुमारे अडीच महिन्यांच्या कमाईएवढी होती. रुपयामागे दरमहा एक आणा हा व्याजाचा दर सामान्य समजला जाई. तोंडी हा दर किरकोळ वाटला, तरी त्याचे वार्षिक प्रमाण ७५ टक्के होते. लग्न, मर्तिक आणि आजारपण ही कर्जाची कारणे म्हणून नेहमी सांगितली जातात व त्यावरून कामगाराच्या उधळेपणाविषयी उपदेशही केला जातो. परंतु उशिरा मिळणारे वेतन, कामाचे खाडे आणि बदलीची अनिश्चितता यांमुळे कर्ज हा अपवाद न राहता दैनंदिन जगण्याचा भाग झाला होता, हे लक्षात घेतले पाहिजे.

कामगाराची वाटाघाटीची शक्ती किती होती, याचे एक विलक्षण उदाहरण प्लेगच्या साथीत मिळते. १८९६ मध्ये मांडवी भागात साथ उद्भवल्यानंतर लाखो लोकांनी शहर सोडले आणि गिरण्यांना माणसे मिळेनाशी झाली. तेव्हा याच गिरणीमालकांनी नाक्यानाक्यांवर अधिक दर पुकारून कामगार मिळविले आणि दिवसाचे वेतन दिवस मावळताच हातावर ठेवले. दीड महिन्याची थकबाकी ही उद्योगाची अपरिहार्य गरज नव्हती, हे त्यावरून सिद्ध होते. जाण्यासाठी गाव होते म्हणूनच कामगारास नकार देता आला. साथ ओसरताच पूर्वीची पद्धत पुन्हा रूढ झाली.

घरबांधणीचे सरकारी प्रयत्न व त्यांची मर्यादा

प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई शहर सुधार न्यास स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढणे आणि आरोग्यदायी चाळी बांधणे ही त्याची उद्दिष्टे होती. प्रत्यक्षात पाडलेल्या घरांच्या मानाने नवी घरे अपुरी पडली व विस्थापित कुटुंबे शेजारच्या वस्त्यांत जाऊन तेथील दाटी वाढली. पहिल्या महायुद्धाच्या काळात भाडी इतकी वाढली, की १९१८ मध्ये सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला.

१९२० मध्ये स्थापन झालेल्या विकास विभागाने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे चाळी बांधण्यास आरंभ केला. मूळ योजना ५० हजार खोल्यांची होती. प्रत्यक्षात २०७ चाळी आणि सुमारे १६ हजार खोल्या झाल्या. या ‘बीडीडी’ चाळींचा प्रारंभीचा इतिहास बोधप्रद आहे. शहरात एकेका खोलीत दहा-दहा माणसे राहत असताना या नव्या खोल्या १९२० च्या दशकात मोठ्या संख्येने रिकाम्या पडून होत्या. सिमेंट-काँक्रीटच्या बांधकामाचा खर्च अफाट झाल्याने भाडे कामगारांच्या आवाक्याबाहेर गेले होते आणि वरळीसारखी वस्ती तेव्हा बाजार व कामाच्या जागेपासून दूर होती. जो कामगार रोज पहाटे फाटकाशी उभा राहून काम मिळवीत होता व ओळखीच्या वाण्याच्या उधारीवर जगत होता, त्याच्यासाठी घर म्हणजे चार भिंती नव्हत्या. कामाची बातमी आणि उधार ज्या ठिकाणी मिळेल, ते ठिकाण म्हणजे घर. नियोजनकर्त्यांना खोलीचा हिशेब कळला. वस्तीचा कळला नाही.

गावाने भरलेली तूट

१९२१ मध्ये मुंबईत दर हजार पुरुषांमागे सुमारे सव्वापाचशे स्त्रिया होत्या. याच्या नेमके उलट चित्र रत्नागिरी जिल्ह्यात होते. तेथे जनगणनेगणिक स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा अधिक भरत आली. २००१ च्या जनगणनेतही रत्नागिरीत हजार पुरुषांमागे १,१३६ व सिंधुदुर्गात १,०७९ स्त्रिया होत्या. ही दोन आकडेवारी एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू आहेत. पुरुष शहरात आणि कुटुंब गावात, अशी ही विभागणी होती.

१८८० मध्ये टपाल खात्याने मनीऑर्डरची सेवा सुरू केल्यानंतर चाकरमान्याच्या कमाईचा काही भाग नियमितपणे गावी जाऊ लागला. त्यातून खोताचे देणे, सावकाराचा हप्ता आणि धान्याची तूट भागे. परंतु या व्यवहाराची दुसरी दिशा क्वचितच मोजली गेली. मुलांचे संगोपन, आजारी कामगाराची शुश्रूषा, स्त्रियांची बाळंतपणे आणि कामातून निवृत्त झालेल्यांचे वार्धक्य या सर्वांचा भार गावावर होता. मुंबईत १९२१ साली नोंदल्या गेलेल्या जन्मांच्या प्रमाणात बालमृत्यू हजारी साडेसहाशेहून अधिक होते. अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात असल्याने जन्मांची नोंद कमी होई व हे प्रमाण फुगे, हे खरे. तथापि एका खोलीतील दाटीत मूल वाढविणे किती धोक्याचे होते आणि बाळंतपणासाठी गाव का गाठावे लागे, हेही त्यातूनच समजते.

अशा रीतीने गिरणीने एका पुरुषाच्या निर्वाहापुरते वेतन दिले आणि कुटुंबाच्या निर्वाहाची तूट गावातील स्त्रियांच्या श्रमांनी भरून काढली. भातलावणी, गुरे, लाकूडफाटा आणि वृद्धांची सेवा हे सर्व करणारी कोकणातील स्त्री ही अप्रत्यक्षपणे मुंबईच्या कापड उद्योगास अनुदान देत होती, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

मात्र हा आधार सर्वांना सारखा उपलब्ध नव्हता. ज्यांच्या नावे जमीन नव्हती, त्यांना परतीची वाट अरुंद होती. दलित कामगारांची स्थिती अधिकच बिकट होती. गावात अस्पृश्यता होती आणि गिरणीतही ती सुटली नाही. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागते, या सबबीवर अधिक वेतनाच्या विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नाकारला जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न ठामपणे उपस्थित केला. स्वतः आंबेडकरांचे वास्तव्य दीर्घकाळ परळच्या सुधार न्यासाच्या चाळीत होते, ही बाब येथे नमूद करण्याजोगी आहे.

संप आणि गाव

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि त्यांच्या प्रयत्नांमुळे १८९० मध्ये कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली. पुढे १९१९, १९२०, १९२४ व १९२५ असे सार्वत्रिक संप झाले. १९२५ चा संप साडेअकरा टक्के वेतनकपातीविरुद्ध होता, तर १९२८ चा संप एप्रिल ते ऑक्टोबर असा सुमारे सहा महिने चालला. संघटनांच्या तिजोऱ्या रित्या असताना इतके दीर्घ संप टिकले कसे? याचे एक महत्त्वाचे उत्तर असे, की हजारो कामगार संपकाळात गावी गेले. गावाची ओढ कामगारास असंघटित ठेवते, हा समज यामुळे निराधार ठरतो. उलट, गावाच्या आधारानेच त्याला मालकापुढे ताठ उभे राहता आले.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी झाले. हा संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. याही वेळी कामगारांनी गावाची वाट धरली. परंतु परिस्थिती बदलली होती. जमिनीचे अधिक तुकडे झाले होते, मुले मुंबईच्या शाळांत शिकत होती आणि यंत्रमागांच्या स्पर्धेमुळे मालकांना गिरण्या बंद राहणे पूर्वीइतके जाचत नव्हते. ज्या गावाने १९२८ मध्ये सहा महिने सांभाळले, त्याला वर्षानुवर्षे सांभाळणे शक्य नव्हते. अनेकांना पुन्हा गिरणीत जागा मिळाली नाही. पुढे गिरण्यांच्या जमिनींचे मोल त्यांतील उत्पादनापेक्षा कितीतरी अधिक ठरले आणि माजी कामगारांच्या घरांसाठी पहिली सोडत निघण्यास २०१२ साल उजाडले.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा, की महाग शहरात अल्प वेतनावर जगणे कामगाराला व्यक्तिशः शक्य नव्हते. ते गावकी, खोली, खानावळ आणि उधारी या सामूहिक व्यवस्थांमुळे शक्य झाले. या व्यवस्थांत साहाय्य होते, तसे शोषणही होते. जॉबर आणि सावकार त्याच जाळ्याचे घटक होते. दुसरा असा, की शहराची महागाई केवळ भाड्याच्या आकड्यावरून मोजता येत नाही. गमावलेली जागा, विभागलेले कुटुंब आणि दगावलेली मुले हीदेखील तिची किंमत होय. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा, की ज्याला ‘गावाची ओढ’ म्हटले गेले, ती प्रत्यक्षात वेतनातील तूट भरून काढण्याची व्यवस्था होती. त्या तुटीची जबाबदारी मालकांनी किंवा सरकारने कधीही स्वीकारली नाही. ती गावातील स्त्रियांनी न बोलता उचलली.

कामगाराच्या स्वभावात दोष शोधणारे जुने स्पष्टीकरण म्हणूनच त्याज्य ठरते. गिरणगावाचा इतिहास केवळ परळ-लालबागच्या सीमेत लिहिता येणार नाही. त्याचे अर्धे दप्तर कोकणातील व घाटावरील घराघरांत, मनीऑर्डरच्या पावत्यांत आणि पुरुषांविना कसलेल्या शेतांत विखुरलेले आहे. त्याचा शोध घेणे हे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांपुढील महत्त्वाचे कार्य होय.